न निवलेला पाया

सोमवार, ३ डिसेंबर
नवी नोकरी, नवी खोली. खिडकीतून टेकडी दिसते, तिथे पवनचक्क्या उभ्या राहणार आहेत. माझे धाकटे दीर काँक्रीटच्या प्लांटवर मुकादम, त्यांनीच मला इथे लावून दिलं. काम सोपं. पवनचक्कीच्या ओतलेल्या पायावर गोणपाट अंथरायचं, ते ओलं ठेवायचं, दुपारी आतलं तापमान बघून इंजिनीअरना फोनवर सांगायचं. भावजी म्हणाले, वहिनी, पिढ्यान्‌पिढ्या टिकायचं तर याला तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं, रडत नाही एवढंच सुख. सगळे हसले. मीही हसले, हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

गुरुवार, ६ डिसेंबर
काँक्रीट घट्ट होताना आतून तापतं, मग हळूहळू निवतं, असं प्लांटवरच्या माहितीपत्रकात वाचलं. शाळा सुटली पण वाचायची खोड सुटली नाही. थंडी फार. सगळे जेवायला खाली गेले की मी टोकाच्या पायावर, गोणपाटावरच कुशीवर पडते. ऊब अंगात शिरते. लिहायला लाज वाटते, पण शेजारी माणूस झोपलं की अशीच ऊब येते.

मंगळवार, ११ डिसेंबर
बाकीचे पाये निवले. हा टोकाचा नाही. खरा आकडा सांगितला तर कच्चा ठरवून हा फोडतील, म्हणून फोनवर शेजारच्या पायाचा आकडा सांगितला. इंजिनीअर म्हणाले, छान चाललंय, बाई. माझी कानशिलं तापली. तरी दुपारी गेलेच.

शनिवार, १५ डिसेंबर
कामगारांनी गोणपाट उचललं. कठीण झालेल्या काँक्रीटमध्ये माझ्या कुशीचा ठसा. कोण म्हशीसारखं लोळून गेलं, म्हणून सगळे खिदळले. रात्री तोच इथे झोपत असणार, म्हणून भावजींनी रखवालदाराला धरलं, कामावरून काढून घरी पाठवलं. मी मान खाली घालून पाणी मारत राहिले.
माझ्या ठशाला लागून दुसरा ठसा होता. हात उशाला दुमडलेला. हे तसेच झोपायचे.

सोमवार, १७ डिसेंबर
उद्या जेवणानंतर टॉवर चढवणार. तळाचे बोल्ट आवळायला भावजी चढणार — त्याच पायावर. सांगायलाच हवं. पण काय सांगू? की मी तिथे रोज — विधवा बाई —
दोनदा त्यांच्या दाराशी गेले. जेवलात का, एवढं विचारून परतले.

मंगळवार, १८ डिसेंबर, दुपार
शेवटचं एकदा टेकते, मग सांगते, असं ठरवून आले होते. खरंच सांगणार होते.
उजवा हात आत गेला. सायीत बोट जावं तसा. आता निघत नाही. डाव्या हाताने लिहितेय.
आतून कुणीतरी बोटं धरलीत. ह्यांचा हात मी ओळखते. हा त्यांचा नाही.
कोपरापर्यंत —
भावजी आले. खालून हाका मारतायत, वहिनी, वर येऊ का. ओरडून सांगायचं, येऊ नका, पाया कच्चा आहे. एवढंच. पण मी अशी आडवी, कपडे विस्कटलेले, मागे सगळे कामगार — आधी जरा सावरून —
चढतायत. तोंड उघड, बाई. तोंड