विरोधी पक्षाचं कार्ड

४ मार्च

आज लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या जपानी-मराठी कोशाच्या ‘राज्यव्यवस्था’ प्रकरणातून अकरा शब्द परस्पर काढलेत. मला न विचारता! दोकुसाई – हुकूमशाही – गेला. इत्तो दोकुसाई – एकपक्षीय हुकूमशाही – गेला. यातो, म्हणजे साधा विरोधी पक्ष, तोही गेला!

संस्थेच्या संचालकांना जाब विचारला.

“बाई, इथे शिकणाऱ्या मुलांना जपानी कारखान्यात नोकऱ्या करायच्यात. हुकूमशाही कशाला हवी त्यांना? वरच्यांनाही खटकतं.”

“मग योतो, सत्ताधारी पक्ष, तो बरा ठेवलात!”

“तो काय, असतोच.”

वर हसले!

५ मार्च

आमच्याकडे शब्द रद्द करायचा तर त्याच्या कार्डाच्या मागे दोन सह्या लागतात – संकलकाची नि तपासनिसाची. नियम मीच घातलेला, बावीस वर्षांपूर्वी. खण उपसला. अकराही कार्डांवर तपासनिसाची सही! तपासनीस म्हणजे आमची सूनबाई. मीच हाताला धरून जपानी शिकवलं, मीच इथे चिकटवलं. संकलकाची, म्हणजे माझी, जागा तेवढी कोरी.

६ मार्च

सकाळी ओट्याशी गाठलं तिला.

“आई, शब्दच आहेत हो. माझं कायम व्हायचं पत्र अडलंय. तुम्ही सही केलीत की सुटेल.”

“उद्या कुणी जपानी वर्तमानपत्र उघडलं आणि विरोधी पक्ष आला, तर काय समजेल तो?”

“पुढचं वाक्य वाचेल.”

कपाळ माझं! त्यात पेपरामागून आमचे हे – “अगं, या घरातली राजवट कुठल्या कार्डावर लिहिलीस?”

चहा तसाच टाकून निघाले.

७ मार्च

सही नाही म्हणजे नाही.

९ मार्च

संचालक म्हणाले, “सोमवारी छपाईला जातंय. सही करा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.”

बघितलं! उभ्या उभ्या राजीनामा खरडला, टेबलावर आपटला. बसा म्हणावं आता संकलकाच्या सहीची वाट बघत! संचालकांनी कागद घडी करून खिशात ठेवला, म्हणाले, “बरं.”

१० मार्च

सुपूर्द केलं: खणाची किल्ली. शिक्के दोन. कार्डं तीन हजार चारशे बारा. पैकी अकरांवर माझी सही नाही.

पोच मिळाली. सही सूनबाईची. खाली हुद्दा – संकलक.