हडळीच्या कपाळाचं कुंकू

ती. वासंतीवन्संना सरोजिनीचा नमस्कार.

सोमवारी सकाळी दूध वर येतंय का बघत मी गॅसपाशी मेथी निवडत उभी होते, तेवढ्यात बेल वाजली. (तुमचा गुडघा कसा आहे हे आधी विचारायचं असतं. विचारलं असं समजा. औषध घेत नसाल हेही मला ठाऊक आहे.) दारात मांजरी गावचे हिंदुराव. त्यांच्या उसाच्या रानात आता इमारती उभ्या आहेत आणि त्यांना छंद जुनी भुताखेतांची कॉमिक्स जमवण्याचा. तुमच्या भावाने जन्मभर रस्त्याकडेला उकिडवं बसून धुंडाळलेली ट्रंकभर कॉमिक्स त्यांना सगळीच्या सगळी हवी होती. मीही मन घट्ट केलं होतं. वर्ष होत आलं, तरी ट्रंक पुसताना हात थांबतो; ती गेलेली बरी, असं तुम्हीच म्हणाला होतात.

हिंदुरावांनी पांढरे हातमोजे चढवले (मला वाटलं, भांडी घासून देतात की काय) आणि पहिल्याच कॉमिकला ओरडले, "काकू, हे काय हाय? हडळीला कुंकू?"

आता लावलंय म्हणजे लावलंयच. दसऱ्याला आपण घरातली पुस्तकं पूजतो. पोथीला एक न्याय आणि भुताला दुसरा, हे मला जमलं नाही. दरवर्षीच्या हळदीने वेताळ बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसतो, आणि घरात सवाष्ण म्हणून आता ती हडळच काय ती उरली आहे.

"कोरं पायजे हो काकू. हात न लागलेलं."

"मग वाचता कसं?"

"वाचतंय कोण? प्लास्टिकात घालून कपाटात ठेवायचं."

तेवढ्यात दूध उतू गेलं. मी गॅस बंद करून येते तो त्यांच्या हातात ओला कापूस. "दुर्मिळ हाय, सोडवत न्हाई. एवढं कुंकू पुसून घेतो."

वन्सं, या घरात ते एकदा झालंय. मी ट्रंक बंद केली आणि त्यांना चहा दिला. तो त्यांनी मोजे घालूनच घेतला.

बाकी क्षेम. एकटीच आहे, पण मजेत आहे. भीती वगैरे काही वाटत नाही.

तुमची,
सरोजिनी

ता. क. गुडघा बरा असो वा नसो, आठ दिवस राहायला या. ट्रंकेतली कॉमिक्स आम्ही मोठ्याने वाचायचो तेव्हा माणसांचं बोलणं हे वाचायचे आणि भुतांचं माझ्याकडे असायचं (मला सराव लागत नाही, असं यांचं मत). आता एकटीने वाचताना मी माझ्याच आवाजाला घाबरते.

ता. क. दुसरा. मंगळवारी मी ट्रंक उघडली आणि यांनी खूण घालून ठेवलेल्या पानापासून पुढे मोठ्याने वाचलं. दोघांचंही मीच वाचलं.