पुढच्या दोन दातांचा रंग

माय,

उद्या दुपारपर्यंत मला माझ्या पुढच्या दोन दातांचा रंग पक्का करायचा आहे, आणि संध्याकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. भाजी करपली. दोनदा दार उघडून रस्त्यावर पाहून आले, कुणी येणार नव्हतं तरी. तू अमरावतीला बसवून दिलेले ते प्लॅस्टिकचे दात अखेर झिजले. एकाचा कोपरा भाकरीसोबत पोटात गेला, आणि तेव्हापासून जीभ सारखी तिथेच जाते. इथे अकोल्यातले दातांचे डॉक्टर तरुण आहेत, बोलके आहेत. म्हणाले, सोन्याच्या कॅपा बसवा, जन्मभर हलायच्या नाहीत. मी म्हटलं, वर्गात मुली व्याकरण सोडून माझ्या तोंडाकडेच बघत बसतील. पुन्हा प्लॅस्टिक बसवलं, तर पुन्हा झिजणार. राहिली चिनी माती. ती दिसते अगदी खऱ्या दातासारखी, फक्त सुपारी फोडायची नाही. पण तिचा रंग एकदा भट्टीत पक्का झाला की झाला. आयुष्यभर तोच. साचा उद्या मुंबईला रवाना होतो आहे, आणि मी इथे बसून तुझ्याशी भांडते आहे.

तुला तो दिवस आठवतो का? विहिरीवरचा रहाट उलटा फिरला, दांडा माझ्या तोंडावर बसला आणि दोन्ही दात अर्धे मोडले. मला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि मी तोंड दाखवायला तयार नव्हते. दर्यापुराहून एसटीने तू मला अमरावतीला घेऊन निघालीस. तिथले डॉक्टर म्हातारे, सभ्य. ते दातांच्या नमुन्यांची पट्टी माझ्या ओठांशी धरतात आणि एका पिवळसर दातावर बोट ठेवतात. तू लगेच पुढे होतेस.

“हे कायले पिवये लावता?”

“बाई, बाजूच्या दातांशी रंग जुळायला नको का?”

“बाजूचे खराब हायेत, म्हणून हेबी खराब बसवता का, डाक्टरसाहेब? पांढरे लावा. माह्या पोरीले चार लोकांत उभं राहा लागते.”

डॉक्टरांनी समजावलं, खाऱ्या पाण्याच्या गावात सगळ्यांचेच दात असे असतात, त्यात कमीपणा कसला. तू ऐकलंस थोडंच? त्यांच्या हातातली पट्टी घेतलीस, थेट बाहेर ओसरीवर उजेडात गेलीस, एकेक दात निरखलास आणि त्यातला सगळ्यात शुभ्र निवडून आत आलीस. डॉक्टरांनी हात टेकले. मी खुर्चीत तोंड उघडं टाकून बसलेली. मला कुणी विचारलंच नाही. परतताना मात्र तू खुशीत होतीस. मला म्हणालीस, “आता हास बरं एक डाव.” मी हसले. तू कितीतरी वेळ बघतच राहिलीस.

होस्टेलात पहिल्याच दिवशी वऱ्हाडातल्याच एका मुलीने विचारलं, “काहून वो, तोंडात खडू धरून राहिली का?” सगळ्या खिदळल्या. तेव्हापासून हसू आलं की माझा हात तोंडावर जायला लागला. तुला कधी सांगितलं नाही. तुझं मन मोडलं असतं. राग मात्र आला होता, आणि तू गेल्यावरही तो पुरता गेला नाही. पुढे चहाने, हळदीने ते दात हळूहळू मळले आणि एक दिवस बाजूच्या दातांत मिसळून गेले. त्या वर्षी मी वर्गात पहिल्यांदा मोकळी हसले. मुली दचकल्याच. पण चिनी मातीला चहा चढत नाही, माय. आता चुकले तर ती चूक माझ्याबरोबर सरणावरच जाईल.

आज दुपारी मी डॉक्टरांना पिवळसर रंगच सांगितला; बदलायचा तर साचा जायच्या आधी, उद्या दुपारपर्यंत. ते खूश झाले. म्हणाले, बाजूच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत, तशाच या दोन्हींवरही अगदी पुसट मारून घेऊ, म्हणजे देवालाही ओळखू येणार नाहीत. मग विचारलं, “मूळचे कसे होते? एका घरात, एका पाण्यावर वाढलेल्यांचे साधारण सारखेच असतात. आईचे कसे होते?” मी फटकन म्हटलं, “असेच. रेघांसकट.” त्यांनी लिहून घेतलं.

रिक्षात बसले आणि तुझं तोंड आठवायला लागले. कपाळावरचं गोंदण आठवलं. कानाची फाटकी पाळी आठवली. मग तू हसताना आठवायला गेले, तर नुसता पदर. हसू यायच्या आधी तुझा पदर वर जायचा, घरात आपण दोघीच असलो तरी. जेवायचीस ती भिंतीकडे तोंड करून. आम्हाला वाटायचं, तुझी ती रीतच आहे. त्या ओसरीवर तू कशासाठी एवढी अडून बसली होतीस, ते मला आज, या वयात, रिक्षात कळावं? मी रडले. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

रंग बदलायला मी उद्या जाणार नाही. पिवळेच बसवते. तुला आवडायचं नाही, हे ठाऊक आहे, आणि त्याचंच संध्याकाळपासून वाईट वाटतं आहे. हे कागद मी कुठे पाठवणार? घडी करून चुलीत टाकीन. फक्त एवढं तुला सांगायचं होतं, की डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. तुझे दात मी कधी पाहिलेच नाहीत.