आडावरची फरशी

३ फेब्रुवारी
कागलचं बिऱ्हाड आज कोल्हापुरात, राजारामपुरीत आलं. घर जुनं, पण आमचं. बाथरूम मात्र बघवत नाही. उखडलेली फरशी, गळका नळ. ते मी स्वतः करणार असं जाहीर केल्यावर आदितीने मला कोपरापासून हात जोडले. बायकोचा नवऱ्यावर एवढा विश्वास! मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक घरं बांधतात, मला टाइल्स बसवता येणार नाहीत होय?

८ फेब्रुवारी
जुनी फरशी काढली तर खाली कडाप्पा, आणि कडाप्प्याखाली चक्क आड. पाणी काठापासून हातभर खाली, नितळ. शेजारचे तात्यासो बघायला आले. म्हणाले, झाकून टाका की पावणं, आधीच्यांनी बी झाकलंच हुतं. का झाकलं ते विचारलं, तर चहा अर्धा ठेवून उठले.

घरातला एकुलता नळ मी कामासाठी तोडलेला, म्हणून आदिती आता आडाचंच पाणी पिते. आम्ही जैन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. ती हे कधी चुकवत नाही. मी आळशी, बाहेरून जार आणतो.

१४ फेब्रुवारी
नळ जोडला. आदिती देवळात गेली तेवढ्यात आडावर सळ्या टाकून स्लॅब ओतून मोकळा झालो. ती परत आली आणि ओलं फडकं हातात घेऊन दारात उभीच राहिली. सकाळचे जीव आडात सोडायचे राहिले होते. मी हसलो, फडकं तिच्या हातातून घेतलं आणि नळाखाली धुऊन टाकलं. ती रागाने आत निघून गेली. राग जाईल दोन दिवसांत.

२३ फेब्रुवारी
टाइल्स बसल्या, सांधे भरले. काम देखणं झालंय, पण आदितीने पाहिलंसुद्धा नाही. तिला सारखी तहान लागते. नळाचं पाणी पोटात ठरत नाही, जारचंही नाही. आज मी घाबरलो.

२६ फेब्रुवारी
घरीच सलाईन लावलं. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सगळे चांगले. तिचे ओठ वाळत घातलेल्या सांडग्यांसारखे तडकलेत. नव्या फरशीवर पालथी पडली तरच श्वास घेता येतो म्हणते. आणि एकच सांगते, मला माझ्या पाण्यात सोडा.

माझी बायको आहे ती. कुठे सोडू?

२७ फेब्रुवारी
स्लॅब फोडायला घेतला, पण छिन्नी लागत नाही. काँक्रीट फोडायचा ब्रेकर भाड्याने आणला, तोही टवका काढत नाही. तात्यासोंना हाक मारली. म्हणाले, आता न्हाय जमायचं, आणि दार लावून घेतलं.

खालून पाणी हलल्याचा आवाज येतो. आदिती त्याला उत्तर देते —

२८ फेब्रुवारी
शेवटी स्लॅबला भोक पडलं. मुठीएवढं. पाणी वर आलंय.

आदितीने हात आत घातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मग आतून कुणीतरी —

मी तिला बाहेर ओढत होतो. ती म्हणाली, ओढू नका, दुखतं.

खांदा गेला. भोक तेवढंच आहे.

मी हात सोडला. उद्या कुणी विचारलं, तर काय सांगू, म्हणून लिहितो. मी तिला ढकललं नाही. भोक अजून मुठीएवढंच आहे, आणि तिचं डोकं —