उशिरा वाजणारा दाणा

२ नोव्हें. २००९
राईस मिलच्या लॅबमध्ये खराब दाणे मोजायचा माझा नवा प्रोग्राम सुरू. सीडी नाही, सेटअप नाही, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उघडते. दवनीवाड्याच्या दुसऱ्या मिलमध्येही असाच उघडेल, एसटीचे धक्के वाचले. जाम खूश मी! तांदूळ तपासणाऱ्या शकुनबाईंचं तोंड मात्र उतरलेलं. "जुना काऊन काढला?" जुनाही माझाच, २००१ चा. राखाडी खिडकी, राखाडी बटणं. बघायची लाज वाटते आता.

५ नोव्हें.
मिलमालक सेठचा फोन. एकाच नमुन्यात बाईंनी तुकडा, म्हणजे तुटका दाणा, आधी ४१ मोजला, मग ५३. "मॅडम, बाई की उमर हो गई. सोमवार से दूसरी लड़की बैठाता हूँ." एकोणीस वर्षं बाई त्या खुर्चीवर आहेत, घर त्यांच्यावरच चालते. माझ्या जुन्या प्रोग्रामवर आठ वर्षं न चुकणारी बाई चार दिवसांत म्हातारी कशी झाली?

६ नोव्हें.
बाईंच्या बाजूला तासभर बसले. बाई पडद्याकडे बघतच नाहीत! उजव्या हातात चिमटा, डोळे ताटलीवर, डावा हात कीबोर्डवर. तुकड्याला टी, लालला एल, काळ्याला के. हे सगळं नव्यातही चालते, मीच घातलंय. कोड तीनदा तपासला, बरोबर. मग चुकते कुठं?
"मी नाही चुकत. जुना बोलत होता, हा बोलत नाही."
अगं बाई! जुन्यात दर कीला वेगळी टूं होती. तपासायपुरती घातली न् आळसानं काढायची राहिली. कीबोर्ड जुना, बटण कधी लागते, कधी नाही. टूं आली नाही की बाई पुन्हा दाबायच्या. आता टूं नाहीच, तर संशयानं दोनदोनदा दाबून राहिल्या. आठ वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

७ नोव्हें.
नव्या प्रोग्रामच्या वेबपानात आवाज घातला. वाजते, पण उशिरा. डोळा लवायच्या आतलाच उशीर, पण बाईंचा हात तोवर पुढच्या दाण्यावर. "काळा दाबला तं मागच्या लालचा वाजते. असा वाजून कायले?" आवाज आधीच उतरवून ठेवला, फाईल बारीक केली, फरक नाही. जुना प्रोग्राम थेट मशीनला सांगायचा. हा ब्राउझरला सांगते, तो आणखी कोणाला, तो मशीनला. तहसीलातल्या अर्जासारखं.

८ नोव्हें. रवि.
घरी ताटलीत तांदूळ घेऊन स्वतः बसले. नजर ताटलीवरच ठेवायची. जुन्यावर मोजणी जुळली, नव्यावर तीनदा चुकले. ह्यांनी विचारलंच, "भात मोजूनच खाऊ घालणार का आजपासून?" हसू आलं, पण खात्री पटली.

९ नोव्हें.
सेठला तोंडावर सांगितलं. "गलती मेरे पेज की है, बाई की नहीं." त्यानं बाईंना आणि आजपासून बसवलेल्या पोरीला एकच नमुना दिला. नवी पोरगी नव्या पानावर: एक दाणा, एक नजर पडद्याकडे, माऊसनं क्लिक. बाई जुन्यावर. आकडा दोघींचा सारखाच! पण पोरीची एक ताटली झाली तेव्हा बाईंच्या तीन झाल्या होत्या.
सेठ हुशार. "ठीक है. लेकिन अगले महीने लैब में कंप्यूटर की सब मशीन नई आ रही है. उस पर पुराना चला के दिखाओ, तो बाई रहेगी. नहीं तो नहीं."
हो म्हटलं. विचार न करता.

१० नोव्हें.
नव्या मशिनींपैकी एक आजच आली, बघायला म्हणून. जुना प्रोग्राम टाकला. उघडला! टी दाबला, आकडा वाढला. टूं नाही. एल नाही, के नाही. टूंसाठी थेट मशीनला सांगायचा रस्ताच नव्या विंडोजनं बंद केलाय म्हणे. आवाज बाहेरच्या स्पीकरमधून काढता येईल का, तो लगेच वाजेल का, काहीच ठाऊक नाही. खरं सांगू, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी ते खोलून बघायची खाजही सुटली.
बाई मागं उभ्या. लपवलं नाही, सगळं सांगितलं.
"महिना हाय न तुह्यापाशी?"
"आहे."
"मंग उभी कायले? बस." आणि स्वतः ताटली घेऊन, नव्या कीबोर्डवर डावा हात ठेवून वाट बघत बसल्या.