दोन माणसांचं काम

आबा, गाडीत पाणी येतंय. पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून. तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, "येतंय म्हणजे काय? गळतंय, ठिबकतंय की झिरपतंय?" मी तिन्हींना 'लीक' म्हणायची आणि तुम्ही ते चालू द्यायचा नाहीत. दिल्लीच्या छावणीत वाढलेली मुलगी मी; शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी, मराठी फक्त घरात, तेही रोजच्या वापरापुरतं. तुम्ही हे शब्द भाषा टिकावी म्हणून शिकवले नाहीत. तुम्हाला ते कामाला लागत, पान्यांसारखे. गळतं तिथे भोक मोठं असतं, हात फिरवला की सापडतं. ठिबकतं ते वर कुठेतरी शिरून पत्र्याच्या कडेने चालत आलेलं असतं, त्याचा माग काढावा लागतो. आणि झिरपतं तेव्हा मध्ये काहीतरी असतं, जे पाणी पितं, धरून ठेवतं आणि मग सावकाश सोडत राहतं. तेव्हा नीट सांगते: झिरपतंय. गाडी धुतली की दोन दिवसांनी पायाखालची चटई ओली होते, वरून सगळं कोरडं असताना.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गाडी माझ्याकडेच आहे, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या तळघरात, माझ्याहून वयाने मोठी. लेक म्हणते, "आई, यार, पार्किंगमध्ये म्युझियम उघडलंयस तू." दिल्लीत आता इतकी जुनी गाडी ठेवायची तर ती विंटेज म्हणून नोंदवून घ्यावी लागते, आणि त्याआधी ती मूळ रूपात, नीट सांभाळलेली आहे का, ते तपासलं जातं. आत ओला वास घेऊन मी तिला कुणापुढे उभं करू? म्हणून हे काम काढलं.

ही काच उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अकरा वर्षांची होते. संक्रांतीचे दिवस. छावणीतली मराठी कुटुंबं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघालेली. पुढे फौजेची बस आणि मागे आपली गाडी, एका साहेबांनी भंगारात काढलेली आणि तुम्ही दोन वर्षांचे रविवार घालून उभी केलेली. वाटेत थंडीतला बारीक पाऊस लागला आणि पाणी थेट आईच्या मांडीवर. तिळगुळाचा डबा पदराखाली धरून आई म्हणाली, "अहो, मैदानावर पोचायच्या आधीच माझा पराभव झालाय." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "डबा कोरडा आहे ना? मग पराभव कसला?" तिथे पोचल्यावर सगळे स्मारकापाशी डोकं टेकवत होते. कुणीतरी भाषण करत होतं आणि मी भान हरपून ऐकत होते. मागे वळून पाहिलं तर तुम्ही गाडीपाशी, काचेच्या रबरावरून बोट फिरवत उभे. मला राग आला होता. एवढी माणसं इथे मेली आणि माझा बाप रबर चाचपतोय.

पुढच्या रविवारी तुम्ही गाडीत बसलात, कोपऱ्यांत खडूची पूड टाकलीत आणि मला तांब्या देऊन बाहेर उभं केलंत. "खालून वर ये. हळू. एकदम वरून ओतलंस तर सगळीकडनं येईल, मग कुणाला विचारशील?" पाण्याने पुडीत रेघ ओढली, तुम्हाला जागा सापडली. मग काच उतरवली, पत्रा घासला, रंगवला. काच परत बसवताना मला आत बसवलंत. रबराच्या खाचेत सुतळी भरलेली, सगळीकडे साबणाचं पाणी लावलेलं. आतल्याने सुतळी सावकाश ओढत जायचं, की रबराची कड पत्र्यावर चढत येते, आणि बाहेरच्याने नेमकं तिथेच तळव्याने दाबत जायचं. मध्ये काच. माझी सुतळी सरकते तसा तुमचा तळवा काचेवर सरकतो आहे, हे मला अजून दिसतं. अर्ध्यावर मी घाई केली, हिसका दिला, रबर फाटलं. तुम्ही ओरडला नाहीत. "घाई कुणाला आहे? पाण्याला नाही. मग आपल्याला का?" नवीन रबर यायला महिना लागला. महिनाभर गाडी ताडपत्रीखाली होती आणि मी तिच्या बाजूने शाळेत जायचं टाळत होते. रबर आलं तेव्हा तुम्ही पुन्हा मलाच आत बसवलंत.

त्या दुपारी स्वयंपाकघरात आई म्हणाली, "हिच्या हातांना ग्रीसचा वास येतोय. हिच्या चपात्या कोण खाणार?" तुम्ही म्हणालात, "मी खाईन. मला त्या वासाने भूक लागते." आणि जेवता जेवता, कुणालाच उद्देशून नाही असं: "हे दोन माणसांचं काम आहे. एकटा करायला गेला की माणूस शेवटी लबाडी करतो."

आबा, त्या वाक्यावर मी आयुष्य काढलं. खूप वाचलं, मोठमोठ्या लोकांची मोठमोठी वाक्यं पाठ केली, पण कामगारांच्या सभेत उभी राहिले की तोंडात तुमचंच येतं. दोन माणसांचं काम एकाकडून करून घेणं ही चोरी आहे, आणि त्या एकाचा जीव गेला तर तो खून आहे. गटारात एकट्याला उतरवणाऱ्या ठेकेदारांच्या तोंडावर मी हे म्हटलं, कारखान्यांच्या फाटकांवर म्हटलं, पोलिसांनी माईक काढून घेतल्यावर नुसत्या आवाजात म्हटलं. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. आणि त्याच्या मागोमाग मी तुम्हाला उभं करायची: "माझ्या बापाने आयुष्यात थातूरमातूर काम केलं नाही!" तिथे टाळी ठरलेली.

एकदाच तुम्ही ऐकायला आलात. शेवटच्या रांगेत, मफलर गुंडाळून. परतताना गाडी तुम्ही चालवत होतात. मध्येच म्हणालात, "ते थातूरमातूरचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी बघितलंय."

"तू बघत होतीस तेव्हा नाही केलं. बरोबर आहे."

मी हसले. मला तो तुमचा विनोद वाटला.

आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. पालमच्या घरात तुम्ही एकटे, गुडघे गेलेले. एका बुधवारी फोन केलात. "रविवारी मोकळी आहेस का? काच उतरवायची म्हणतोय. कोपऱ्यात गंज धरलाय."

"आबा, रविवारी फरीदाबादला सभा आहे. पुढच्या रविवारी बिल्कुल."

"अच्छा. चालेल."

पुढच्या रविवारी रोहतक निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी काय होतं ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच मला जास्त लागतं. "एखादा मिस्त्री बोलवा ना," मी म्हणाले. "बघतो," म्हणालात. नंतर कधीतरी मी विचारलं, "काचेचं काय झालं?"

"झालं."

"कुणी केलं?"

"झालं गं."

अधिकाऱ्यांना मी एकच प्रश्न दहा वेळा विचारते, उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू देत नाही. तुम्हाला दुसऱ्यांदा विचारून सोडून दिलं. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

आता गाझियाबादचं सांगते. तिथे जुन्या गाड्यांचं काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी आणि त्यांच्या जोडीदाराने मिळून काच उतरवली. मी बाजूला चहा घेत उभी होते. उस्तादांनी हाक मारली, "मैडम, ज़रा इधर आइए."

रबराखाली, डाव्या कोपऱ्यात, डांबरात बुडवलेलं कापड होतं. त्यांनी ते चिमट्याने ओढून काढलं, बोनेटवर ठेवलं. इतकी वर्षं पाणी पिऊन फुगलेलं. खालचा पत्रा उरलाच नव्हता, दोन बोटं आत जात होती. एका टोकाला डांबर पोचलं नव्हतं, तिथे कापडाचा रंग दिसत होता. फौजी हिरवा. आणि घडी. चार पदरी, कडेला कड जुळवलेली, फौजेतल्या तपासणीसाठी सामान मांडताना तुम्ही कपड्यांची घालायचात तशी.

"बाकी गाड़ी का काम देखिए, क्या काम है," उस्ताद म्हणाले. "बस ये कोना. किसी अकेले आदमी का काम है ये. अकेला शीशा उतारता कैसे? पेचकस से रबर उठाया, कपड़ा भर दिया." मग कापड उलटंसुलटं करून पाहिलं. "पर तह देखिए. जानता था गलत कर रहा है. शर्म आ रही थी, इसीलिए इतनी सफ़ाई से किया."

पहिल्यांदा मला राग आला, आबा, तुमचाच. कुणाला तरी बोलवायचं होतंत. थांबायचं होतंत. चौथ्यांदा फोन करायचा होतात. गटारात एकटा उतरलेल्या माणसालाही लोक हेच म्हणतात, त्याने नाही म्हणायचं होतं, आणि मी असं म्हणणाऱ्यांना भर सभेत फाडून खाल्लेलं आहे. मग मला तुम्ही दिसलात. बोनेटवर एक गुडघा टेकून, पेचकसने रबर उचलून धरलेलं, दुसऱ्या हातात ती घडी. काचेच्या आतल्या बाजूला कुणी नाही. तुमचं वाक्य तुम्हाला पाठ होतं. तो रविवार कोणता होता ते मला कळायचा मार्ग नाही, पण पहिलाच असेल तर त्या वेळी मी फरीदाबादला तेच वाक्य म्हणत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिथेच उस्तादांना सांगायचं मनात आलं: हे माझ्या वडिलांनी केलंय, आणि ते एकटे का होते ते मला माहीत आहे. दोनच वाक्यं. कागद हातात न घेता मी तासन् तास बोललेली आहे. चहा संपवला आणि पत्रा बदलायला किती दिवस लागतील ते विचारलं.

परवा काच बसवायची होती. उस्तादांचा जोडीदार भाच्याच्या लग्नाला गावी गेलेला. "कल आ जाइए," उस्ताद म्हणाले. मी म्हणाले, आत मी बसते. त्यांना ते फारसं पटलं नव्हतं, पण मी चपला काढून आत शिरले आणि सुतळीचं टोक हाताला गुंडाळलं. साबणाचा वास. काचेपलीकडे त्यांचा तळवा. मी हळू ओढत गेले, खालच्या कडेने, मग कोपरा, मग वर. तळवा बरोबर येत होता.

"पहले किया है आपने," ते म्हणाले.

"हाँ. पिताजी के साथ."

"मिस्त्री थे?"

"फ़ौज में थे. गाड़ियाँ ठीक करते थे. ये उन्हीं की है."

तळवा थांबला. डाव्या कोपऱ्याशीच आलो होतो. काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सहज, दुखवायचं मनात नसलेल्या माणसासारखं. "तो वो कपड़ा..." म्हणाले, आणि पुढचं माझ्यावर सोडलं.

"नहीं," मी म्हणाले. "वो किसी और ने किया होगा."

"हाँ, फ़ौजी आदमी ऐसा नहीं करेगा," म्हणाले, आणि तळवा पुढे सरकला.

नंतर त्यांनी पाणी मारलं, खालून वर, तुमच्यासारखंच. मी आत खडूची पूड घेऊन बसले होते. पूड कोरडी राहिली. ते खूश झाले, पाठ थोपटावी तसं गाडीचं छत थोपटलं. मीही हसले. घरी येईपर्यंत मला वाटत होतं की मी तुमचं नाव राखलं. पण तुम्हाला त्याची गरज कधी होती? तुम्ही तर त्या सभेवरून परतताना स्वतःच सांगत होतात, आणि मी हसले होते. मी 'हो' म्हटलं असतं तर उस्तादांनी साधं विचारलं असतं, तो उस दिन आप कहाँ थीं? तेवढ्यासाठी मी तुमच्या नावाच्या आड लपले.

हे तुम्हाला लिहून काही होणार नाही, ते मला कळतं. ज्यांना सांगायला हवं ते गाझियाबादला आहेत, त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तरी सकाळपासून तुम्हालाच लिहीत बसले आहे, कारण तो प्रश्न तुम्ही विचारणार नाहीत.