वाचून न केलेल्या एकतीस सह्या

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
सातमाळ कला व वाणिज्य महाविद्यालय,
उस्मानपुरा, औरंगाबाद.

विषय : कु. द्वारका रंगनाथ निकम, बी.ए. द्वितीय वर्ष, हिला परीक्षेसाठी मिळालेला लेखनिक काढून न घेणेबाबत, तसेच माझ्या खुलाशाबाबत.

संदर्भ : आपले कारणे दाखवा ज्ञापन, दि. २ एप्रिल १९८७ (सूचना वही, पान ८८, सूचना क्र. १६५).

महोदय,

१. मी खाली सही करणार पुंजाराम साहेबराव ठोंबरे या महाविद्यालयात १९६५ सालापासून शिपाई आहे. सूचना वही फिरवणे हे माझे मुख्य काम आहे. आपली सूचना मुख्य लिपिक तात्यासाहेब वहीत उतरवतात, मी वही घेऊन एकतीस प्राध्यापकांकडे जातो, ते आपापल्या नावापुढे सही करतात, आणि एकतीस सह्या भरल्या की सूचना सर्वांना कळली असे कार्यालय धरून चालते. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही सही राहिलेली नाही. सहीसाठी मी प्राध्यापकांना वर्गात, चहाच्या टपरीवर, आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना गाठलेले आहे.

२. आपल्या इमारतीत जिने फार आहेत. जिना चढताना दुसरे काही करण्यासारखे नसते, म्हणून मी सूचना वाचत जातो. मी इंग्रजीत नापास झालेला मॅट्रिक आहे, आणि माझी जी काही मराठी आहे ती या वहीतली आहे. मी घरीसुद्धा ‘जेवण तात्काळ सादर करावे’ असे बोलतो, अशी कुटुंबाची तक्रार आहे. तरी नम्रपणे निवेदन करतो की, या महाविद्यालयात सर्व सूचना वाचलेला इसम मी एकटाच आहे. हे मी अभिमानाने लिहीत नाही. कोणत्या मुलाला वसतिगृह मिळू शकते, कोणाची हजेरी माफ होऊ शकते, कोणाला पुस्तकपेढीतून वर्षभर पुस्तके मिळतात, हे सर्व मला ठाऊक असते आणि ज्यांनी मुलांना सांगायचे त्यांना ठाऊक नसते. त्याचा मला त्रास होतो.

३. मी दिसलो की प्राध्यापक मंडळी एकच प्रश्न विचारतात : “कुठं करू?” मी बोट ठेवतो, ते सही करतात. माझे बोट बावीस वर्षांत एवढे तयार झाले आहे की काही जण माझ्याकडे न बघता नुसत्या बोटाकडे बघून सही करतात. या पद्धतीचा परिणाम काय होतो हे कळावे म्हणून गेल्या नोव्हेंबरमधील एक प्रकरण सांगणे भाग आहे. आपणांस ते आठवत असेलच, पण त्याची चौकशी कधी झाली नाही.

४. संस्थेचे माजी सचिव काकासाहेब वारल्याचा फोन आला, तेव्हा तात्यासाहेबांच्या टेबलावर इतिहासाचे प्रा. अनंतराव टाकळकर यांचा रजेचा अर्ज पडलेला होता. घाईत तात्यासाहेबांनी शोकसूचनेत अर्जावरचेच नाव उतरवले. खाली आपली सही झाली. मी जिन्यावर वाचले आणि परत फिरून तात्यासाहेबांना म्हणालो की टाकळकर सर आत्ताच माझ्यासमोर सायकल लावून वर गेले. ते म्हणाले, “पुंजाराम, साहेबांची सही झालीय. आता मी काय करू?” मी थेट टाकळकर सरांकडे गेलो आणि म्हणालो, सर, ही जरा वाचून घ्या. ते म्हणाले, “मला तास आहे. कुठं करू?” चौदाव्या क्रमांकावर त्यांनी स्वतःच्या निधनाच्या सूचनेवर सही केली. दुपारी प्राध्यापक कक्षात सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळली. टाकळकर सरांनी मान सर्वांपेक्षा खाली घातली होती. त्यानंतर महाविद्यालय सुटले आणि ते आनंदाने घरी गेले.

५. विद्यार्थी मंडळाने पुष्पचक्र पाठवले. ते घेऊन गारखेड्याला सरांच्या घरी मीच गेलो. दार सरांनी उघडले. बोलायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी पोचपावती पुढे केली. त्यांनी विचारले, “कुठं करू?” आणि सही करून चक्र घेतले. त्यांना वाटले, अखेर कुणीतरी आपला सत्कार करायचे मनावर घेतले. त्यांच्या पत्नी यमुनाबाई यांनी फीत उलगडून वाचली, तेव्हा ते वारले असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. दुसऱ्या दिवशी ‘सदर प्राध्यापक हयात आहेत’ अशी दुरुस्ती सूचना निघाली. तिच्यावरही चौदाव्या क्रमांकावर त्यांची सही आहे, आणि तीसुद्धा त्यांनी वाचून केलेली नाही. हे प्रा. टाकळकर विद्यार्थी कल्याण समितीचे प्रमुख आहेत, हे पुढील मजकुरासाठी ध्यानात ठेवावे, ही विनंती.

६. आता मूळ प्रकरण. दि. २३ फेब्रुवारी रोजी विद्यापीठाचे पत्र सूचना क्र. १४७ म्हणून फिरले. हाताला दुखापत झालेल्या विद्यार्थ्यास परीक्षेत लेखनिक घेता येईल. लेखनिक खालच्या वर्गातला असावा. विद्यार्थी कल्याण प्रमुखांच्या शिफारशीसह अर्ज २० मार्चपर्यंत पोचवावा. सर्व प्राध्यापकांनी वर्गात कळवावे. सह्या एकतीस. मी पंधरा दिवस वाट पाहिली. त्यानंतर एके दिवशी वाचनालयाच्या पायरीवर कु. द्वारका निकम ही डाव्या हाताने बाराखडी गिरवताना दिसली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. वैजापूरच्या मार्केट यार्डात वडिलांना कांद्याच्या गोण्या उतरवायला मदत करताना ती गाडीवरून पडली होती. बी.ए.ची मुलगी पहिलीतल्या पोरीसारखे ‘क’ काढत होती आणि तो ‘क’ कुठेतरी दुसरीकडेच चालला होता. मी तिला लेखनिकाचे विचारले. तिला काहीच माहीत नव्हते.

७. मी तिला सांगितले. शिपायाने विद्यार्थ्यास धोरणात्मक माहिती देणे नियमात बसत नाही, हे मला मान्य आहे. ती टाकळकर सरांकडे गेली. सर म्हणाले, “अशी कुठली सूचना आलेली नाही.” ती तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी तिची आई सारजाबाई गावाहून येऊन सोबत गेली. सरांनी त्यांना समजावले की यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बसेल, एका वर्षाने काय बिघडते. बाई बाहेर आल्या आणि माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, “बाबा, माझ्या लेकीचा हात मोडलाय, डोस्कं नाय मोडलं. अवंदा नापास झाली तर तिचे वडील लगीन लावून देतेत. पुढचं साल कुठलं आणलं?” सूचना क्र. १४७ माझ्या मांडीवरच्या वहीत होती आणि त्यावर चौदावी सही ठसठशीत होती.

८. सबब दि. १९ मार्च रोजी मी द्वारकाचा अर्ज डिंकाने वहीत चिकटवला आणि टाकळकर सरांपुढे धरला. त्यांनी विचारले, “कुठं करू?” मी ‘शिफारस करणाऱ्याची सही’ या ओळीवर बोट ठेवले. मी तोंडाने एक शब्दही खोटे बोललो नाही. विचारले असते तर खरे सांगितले असते. दुसऱ्या दिवशी अर्ज सोडवून मी स्वतः विद्यापीठात नेऊन दिला. ३१ मार्च रोजी परवानगी आली. अकरावीतील कु. उमा लेखनिक म्हणून मंजूर झाली. ती परवानगीसुद्धा सूचना क्र. १६३ म्हणून वहीत फिरली आणि सरांनी तिच्यावरही सही केली. प्रकरण इथेच मिटले असते. परंतु द्वारका गुणाची पोर. ती पेढे घेऊन सरांचे आभार मानायला गेली. आभार कशाचे, असे सरांनी विचारले आणि तिने सांगितले. सरांनी पेढा खाल्ला आणि आपणांकडे लेखी तक्रार केली.

९. त्यावर ४८ तासांत खुलासा मागवणारे आपले ज्ञापन निघाले. फसवून सही घेतल्याबद्दल मला निलंबित का करू नये, आणि लेखनिकाची परवानगी रद्द करावी असे विद्यापीठास का कळवू नये, असे त्यात विचारले आहे. तात्यासाहेबांनी ते नेहमीप्रमाणे वहीत उतरवले आणि माझ्यावरील ज्ञापन मलाच एकतीस जणांकडे फिरवावे लागले. सर्वांनी सही केली. एकानेही माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. अर्थशास्त्राच्या सरांनी सही करता करता दोन चहा सांगितले. मी आणून दिले. बावीस वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत वाईट वाटले ते त्या दिवशी.

१०. साहेब, माझे गाव वैजापूर तालुक्यात आहे. निजामाच्या अमलात हुकूम उर्दूत यायचे. गावात ते वाचणारा एक पटवारी होता, बाकीचे अंगठा उठवून घरी जायचे. पोलीस ॲक्शन झाली आणि कागद मराठीत येऊ लागले, तेव्हा माझे वडील देवळापुढे साऱ्यांना म्हणाले होते की आता कुणी न वाचता अंगठा करणार नाही. ते १९७१ साली वारले. त्यांना मी आपल्या महाविद्यालयातील पद्धत कधी सांगितली नाही. गावात पुढेही बरीच वर्षे बद्रीनाथ कोतवाल थाळी वाजवून दवंडी द्यायचे. चौकात ओरडून ते पुढे जात नसत. गल्लीतल्या एकाने तरी “ऐकलं” म्हणायचे, मगच पाय उचलत. एक म्हातारी, आवडाबाई, ठार बहिरी होती. तिच्या ओट्यावर चढून ते कानाशी वेगळे सांगत आणि तिच्याकडूनही “ऐकलं रे” वदवून घेत. गावात वाद पुष्कळ झाले, पण मला माहीत नव्हते असे कुणाला म्हणता आले नाही.

११. तरी माझ्या मागण्या अशा. कु. द्वारका हिची परीक्षा येत्या गुरुवारी, दि. ९ एप्रिलला सुरू होत आहे. तिची परवानगी कायम ठेवावी. मला निलंबित करायचेच असल्यास परीक्षा संपल्यावर करावे, कारण तिच्या केंद्रावर पाणी देण्याचे काम माझ्याकडे आहे आणि पेपर लिहून झाल्याचे मला डोळ्यांनी बघायचे आहे. आणि यापुढे विद्यार्थ्यांच्या हिताच्या सूचना रोज अकरा वाजता प्राध्यापक कक्षात मोठ्याने वाचण्याची मला परवानगी मिळावी. थाळी मी घरून आणीन. प्रत्येक प्राध्यापकाने “ऐकलं” म्हटल्याशिवाय मी दारातून हलणार नाही. टाकळकर सरांच्या शेजारी उभे राहून मी वेगळे सांगेन.

१२. येथपर्यंतचा अर्ज मी काल शुक्रवारी लिहिला. आज सकाळी नियमाप्रमाणे तो वहीत चिकटवून, शेवटी ‘अर्जदाराचा खुलासा समाधानकारक आहे, परवानगी कायम ठेवावी, वरील सर्व मागण्या मान्य’ अशी ओळ घालून फिरवला. दुपारी बारापर्यंत एकतीस सह्या झाल्या. चौदावी नेहमीच्या जागी आहे. एकतीसच्या वर जागा होती तेथे आपली सही आहे. आपण टेलिफोनवर बोलत होता आणि मला एवढेच विचारलेत की कुठे करू. हे मी लपवून ठेवत नाही. ज्या गुन्ह्याबद्दल आपण मला खुलासा मागितला, तोच गुन्हा मी आज बत्तीस वेळा केला आहे, आणि तो कबूल करण्यासाठीच हा शेवटचा परिच्छेद जोडून अर्ज पुन्हा आपणांकडे, या वेळी बंद पाकिटात, देत आहे. सह्यांची प्रत मात्र मी दुपारीच विद्यापीठात देऊन पोच घेतली आहे.

१३. आपण हे वाक्य वाचत असाल, तर या अर्जाच्या शेवटपर्यंत पोचलेले आपण दुसरे. पहिल्या सारजाबाई. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी माझ्या स्टुलावर बसून त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला. पुष्पचक्राच्या ठिकाणी त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या बोलण्याच्या ठिकाणी त्यांनी मला थांबवून ते पुन्हा वाचायला लावले. आता आपणांस सही रद्द करायची असेल, तर तो आपला अधिकार आहे. पण मग सही करताना मजकूर वाचला नव्हता, असे लेखी कळवावे लागेल, आणि ती सूचना मलाच फिरवावी लागेल.

योग्य तो हुकूम व्हावा.

आपला नम्र, आणि तोपर्यंत वही फिरवत असलेला,

पुंजाराम साहेबराव ठोंबरे
शिपाई
दि. ४ एप्रिल १९८७, शनिवार

सोबत :
१) सूचना क्र. १४७ ची नक्कल, एकतीस सह्यांसह.
२) पुष्पचक्राची पोचपावती, प्रा. टाकळकर यांच्या सहीची.
३) या अर्जास मान्यता देणाऱ्या बत्तीस सह्या, पैकी सर्वांत वरची आपली.
४) विद्यापीठाची आजची पोच.
५) श्रीमती सारजाबाई रंगनाथ निकम यांचा डाव्या हाताचा अंगठा. त्यापुढे त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिलेला शेरा : “समदं ऐकलं.”